बिनडोक्याचा डोंगर

पिंपरीच्या अंगाला यंत्रांचा कारखाना निघाला, तेव्हा माझ्या गणपतमामाची हरभऱ्याची पट्टी कुंपणाच्या आत गेली आणि मामा बाहेर राहिला. पुढे ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांच्यातल्या काहींना कंपनीने कामावर घेतलं. मामाला फाटकावर उभं केलं. म्हणजे स्वतःच्याच शेताच्या तोंडाशी राखणदार.

खाकी डगला त्याने अंगात घातला, पण टोपी खिशात ठेवली आणि डोक्यावर आपला तांबडा फेटा कायम ठेवला. "टोपी ऊन अडवती, फेटा मान राखतो," असं त्याने साहेबाला सांगितलं. साहेबाला मराठी थोडं कमी कळत असावं. त्याने मान हलवली आणि फेट्याचा प्रश्न तिथेच मिटला.

खरा घोटाळा पुढे झाला. कुणी पाहुणा फाटकावर येऊन विचारायचा, "हवालदार, स्टोअर कुठे आलं?" मामा दंडुक्याने दिशा दाखवून सांगायचा, "ह्या बांधानं सरळ जावा. म्होरं विहीर लागंल. विहिरीच्या अंगाला जांभळ हाय, तिच्याखाली इच्यारा." पाहुणा आत बघायचा. आत सपाट डांबर आणि पत्र्याच्या शेडी. बांध नाही, विहीर नाही, जांभूळ तर नाहीच. विहीर कंपनीने बुजवली होती आणि जांभळीची फळकुटं होऊन गेली होती. पण मामाच्या डोळ्यांना ते सगळं जागच्या जागी दिसत होतं. किती तरी भली माणसं पत्ता शोधत त्या कारखान्यात दुपारभर हिंडली.

शेवटी मॅनेजरने मामाला बोलावलं. "गणपत, ती जांभळ आहे तरी कुठे?"

"तुमी बसलाय तितंच, सायेब. मूळ आसंल खुर्चीखाली."

मॅनेजरने खुर्ची सरकवून खाली पाहिलं, असं पुढे सगळे सांगायचे. मी काही तिथे नव्हते. पण गंमत अशी झाली की हळूहळू कामगारही तीच नावं घ्यायला लागले. रंगकामाच्या शेडीला 'विहीर' म्हणायचे. साताऱ्याकडून, बीडकडून आलेली पोरं, ज्यांनी ती विहीर जन्मात पाहिली नव्हती, ती एकमेकांना विचारायची, "आज ड्यूटी कुठंय भावा? विहिरीवर का बांधावर?"

कारखान्याचा भोंगा वाजला की मामा जिथे असेल तिथून "आलो, आलो!" असं ओरडायचा. घरी जेवत असला तरी. भोंगा दुसऱ्या पाळीचा असला तरी. मामी म्हणायची, "आवं, तुमाला न्हाई बोलावलं." मामा म्हणायचा, "कुणाला बी बोलावू दे. हाकेला ओ द्याया काय लागतं?"

आणि तो पासाचा फोटो. कंपनीला प्रत्येक कामगाराचा फोटो हवा होता. मामाचं म्हणणं, एकट्याचा फोटो मेल्यावर भिंतीवर लावायला काढतात. जित्या माणसाने जोडीने काढावा. तो सगुणामामीला घेऊन चिंचवडच्या फोटोवाल्याकडे गेला आणि दोघांचा फोटो काढून आला. ऑफिसातल्या कारकुनाने कात्री घेतली आणि मामी कापून टाकली. पण दोघं इतकी चिकटून बसली होती की मामीचं कोपर आणि पदराचा थोडा काठ मामाच्या बाजूला शिल्लक राहिला. तो पास मी पाहिलेला आहे. फेटेवाला मामा, भुवया चढवलेला, आणि बगलेतून बाहेर आलेलं कुणाचं तरी कोपर. त्या कोपराच्या जोरावर मामी दुपारची भाकरी घेऊन खुशाल कारखान्यात शिरायची. "पासावर हाय म्या," म्हणायची.

असा हा माझा मामा. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला वाढवलं, शाळेसाठी पुण्याला ठेवलं, मॅट्रिक करवलं आणि वसंतरावांशी लग्न लावून दिलं. वसंतराव आफ्रिकेत, नैरोबीला रेल्वेच्या हपिसात कारकून होते. मामाने लग्नाच्या वेळी नैरोबी म्हणजे नगरच्या पलीकडे कुठेतरी असेल अशी समजूत करून घेतली होती. मी बोटीत बसले तेव्हा ती समजूत गेली, पण तोवर उशीर झाला होता.

चार वर्षं गेली. जमिनीची भरपाई हातात आली तेव्हा गावात कुणी माडी चढवली, कुणी फटफटी घेतली. गणपतमामाने बोटीची दोन तिकिटं काढली. कंपनीतून रजा घेताना साहेबाने कारण विचारलं, तर म्हणाला, "जावयाला घिऊन येतो." त्याने कारखान्यात माझ्या नवऱ्यासाठी स्टोअरमधली कारकुनी बघून ठेवली होती. बोलणी झाली होती. आता फक्त जाऊन वसंतरावांना उचलून आणायचं एवढंच राहिलं होतं.

हे मला मोंबासाच्या धक्क्यावरच कळलं. मामा बोटीतून उतरला, माझ्याकडे एकवार पाहिलं, डोळे पुसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, "जावईबापू, सामानाची बांधाबांध कवा करताय?"

माझ्या नवऱ्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. ते 'बघू' म्हणायचे. भाजीवाल्याला बघू, साहेबाला बघू, देवाला बघू. मामाला ते म्हणाले, "बघू."

"ठरलं तर मग," मामा म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक न बोललेलं 'नाही' येऊन राहिलं. आम्हाला परत जायचं नव्हतं. ह्यांना बढती मिळाली होती, मला तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं होतं, दारात मी लावलेली कढीलिंबाची रोपं धरली होती. मामा मात्र रोज सकाळी उठून घरातल्या एकेका वस्तूकडे बघायचा आणि ठरवायचा, "हे कपाट न्यायचं न्हाई. तितं मिळतं."

आफ्रिकेत आपण परदेशात आहोत हे त्याने काही मान्य केलं नाही. समुद्राबद्दल विचारलं तर म्हणाला, "पवनेला पूर आला की दिसतं हेवढंच." जिराफ पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाला, "आपल्या भोसरीच्या पैलवानाची मान अशीच व्हती. तरनेपणी." तिथल्या लोकांच्या भाषेत दुकानाला 'दुका' म्हणतात, पैशाला 'पेसा', चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'. हे कळल्यावर तर मामाची खात्रीच पटली. "ही समदी मावळातलीच माणसं. पूर्वी कवा तरी आली आसतील. जरा उन्हानं रापलीत."

माझे धाकटे दीर माधवभावजी आमच्याकडेच राहायचे. नकाशे काढायची नोकरी होती त्यांची आणि वेड गिर्यारोहणाचं. म्हणजे पुस्तकं वाचण्याचं. त्यांच्याकडे दोर होता, होकायंत्र होतं, शिट्टी होती, फक्त डोंगर चढायला कुणी बरोबर येत नव्हतं. मामाने एका संध्याकाळी सहज म्हटलं की आपण सोमाटण्याजवळचा घोरावडेश्वर एका दमात चढतो, आणि भावजींचे डोळे चमकले. तिथल्या देशात मध्यंतरी गोऱ्या सरकारविरुद्ध गडबड होऊन गेली होती, पण आता फिरायला मोकळीक होती. एका मित्राची मोटार मागून आणली. रविवारी सकाळी मामा, मामी, मी, हे आणि भावजी असे आम्ही पाच जण लोंगोनॉट नावाच्या डोंगराला निघालो.

नैरोबी सोडल्यावर रस्ता एकदम खाली उतरतो आणि समोर केवढं तरी खोरं उघडतं. मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हा बोरघाट. आता खंडाळा यील."

"मामा, ही रिफ्ट व्हॅली," भावजी म्हणाले. "पृथ्वीला पडलेली भेग आहे ही."

"खंडाळ्याला बी हाय भेग," मामा म्हणाला.

पायथ्याशी मोटार लावली. मामाच्या अंगात कोट, धोतर, पायांत करकरीत जोडा, डोक्यावर फेटा. खांद्याला पिशवी, आणि पिशवीत नारळ. हा नारळ त्याने चिंचवडहून आणला होता. बोटीतून आणला, मोंबासाला उतरवला. तिथे किनाऱ्यावर नारळाची झाडं वाऱ्याने हलत उभी होती, तरी हा त्याने हातचा सोडला नाही. मी म्हटलं, "मामा, इथे मिळतात की नारळ." तर म्हणाला, "यडी का काय सुमे? त्याचाच नारळ त्याला दिला तर देव म्हणंल, हेनं काय आणलं?" डोंगरावर देव असणार आणि त्याला नारळ फोडायचा, हे त्याच्या दृष्टीने उघड होतं.

भावजींनी दोर काढला. पुस्तकात असं लिहिलं होतं की गिर्यारोहक एकमेकांना दोराने बांधून घेतात. समोर गवताची पायवाट होती. चार शेळ्या तिच्यावरून चरत वर चालल्या होत्या.

"बैलं हाय का आमी?" मामाने विचारलं.

"सुरक्षेसाठी, मामा. एक घसरला तर बाकीचे धरतात."

"आन् बाकीचे घसरले तर?"

ह्यावर पुस्तकात काही नसावं. भावजींनी दोर पुढे केला. मामी म्हणाली, "लग्नात मारली तेवढी गाठ पुरे झाली, बाबा." पण भावजींचा चेहरा इतका पडला की मामालाच वाईट वाटलं. "बांध रं. पोराचं मन नको मोडाया." मग पुढे मामा, मागे मामी, मग मी, मग हे आणि शेवटी शिट्टी घेऊन भावजी, अशी आमची दावण वर निघाली. शेळ्या थांबून आमच्याकडे बघायला लागल्या.

वाट चांगलीच चढाची होती आणि माती राखेसारखी. पाऊल टाकलं की अर्धं मागे यायचं. मामा दमला की दमलो म्हणत नसे. थांबायचा आणि मागे वळून म्हणायचा, "थांबा जरा. मामी दमली." मामी, जिचा श्वाससुद्धा चढलेला नसायचा, उभ्याउभ्या पदराने वारा घेत म्हणायची, "व्हय, लई दमले." मग मामा बसायचा, जोड्यातली माती झाडायचा आणि तिला बजावायचा, "अगं, बेतानं चालावं." असं चार-पाच वेळा झालं. चौथ्या वेळी मामीने विचारलं, "अजून दमू का आता निगायचं?"

मधूनच मामा माझ्या नवऱ्याला म्हणायचा, "जावईबापू, कारखान्यात गेल्यावर तुमी आसं करा, जेवाया आमच्याकडंच येत जावा. बांधावरून पाच मिंटं." हे मागून म्हणायचे, "बघू." माझ्या कमरेचा दोर त्या दोघांच्या बोलण्याच्या मधोमध होता.

दुपार व्हायच्या आत आम्ही वर पोचलो. आणि मामा थबकला.

वर काही नव्हतं. म्हणजे शिखर नव्हतं. आम्ही एका अरुंद काठावर उभे होतो आणि पलीकडे डोंगर आतच गेलेला. भलामोठा खड्डा. खाली तळाशी हिरवं रान. पलीकडचा काठ पार दूर, धूसर. आतल्या कड्यांना कुठेकुठे भेगा होत्या आणि त्यांतून पांढरी वाफ निघत होती.

मामाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "डोकं कुठाय ह्याचं?"

"हा ज्वालामुखी आहे, मामा," भावजी उत्साहाने म्हणाले. "आतून फुटला आणि वरचा भाग उडून गेला."

"कुणी फोडला?"

"कुणी नाही. आपोआप."

"आसा आपोआप फुटतो का डोंगर?" मामाला हा सरळसरळ फसवणुकीचा प्रकार वाटत होता. "आन् आमी चढलो कशाला मग? विहीर बगाया? विहीर बगाया वर चढाया लागतं व्हय? आन् ह्यात देव कुटं बसवणार?"

देवाचं ऐकून आम्ही सगळेच इकडेतिकडे बघायला लागलो. एखादा शेंदूर लावलेला धोंडा दिसला असता तर मलाही बरं वाटलं असतं. मामाने नारळाची पिशवी पोटाशी धरली आणि काठाशी जाऊन खाली वाकून पाहिलं. तेव्हा त्याला वाफ दिसली.

"चूल पेटलीय खाली," तो म्हणाला. "माणसं हायेत." आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडला, "ए पाव्हणं! चा हाय का?"

खड्ड्याने उत्तर दिलं. "…हाय का? …हाय का?"

"ते आपल्यालाच इच्यारतंय," मामा मागे वळून म्हणाला.

भावजींनी प्रतिध्वनीची माहिती सांगायला सुरुवात केली, पण मामा ऐकत नव्हता. त्याने माझ्या नवऱ्याला पुढे ओढलं. "जावईबापू, तुमी हाक मारा. तुमची वळख आसंल हितं." ह्यांनी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात "हॅलो" म्हटलं. खड्ड्यापर्यंत काही ते पोचलं नाही. "मोठ्यानं! आवाजच न्हाई तुमचा. कारखान्यात मशिनी चालत्यात, तितं कसं ऐकू जायचं तुमचं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. घाम आला होता, कपाळावरची शीर फुगली होती. लग्नानंतर चार वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ते काठाशी गेले, खड्ड्याकडे तोंड केलं आणि सगळा जीव एकवटून ओरडले,

"मामा, आम्ही येणार नाही!"

"…येणार नाही! …नाही! …नाही!" सगळा डोंगर म्हणाला.

मामी खाली बसली. भावजींच्या तोंडातली शिट्टी पडली. मामाने फेटा सारखा केला. मग त्यानेही जावयाकडे न बघता खड्ड्यालाच विचारलं, "का बरं?"

"…का बरं? …का बरं?"

"इथे चांगलं चाललंय आमचं!" हे ओरडले. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना सोपं जात होतं.

"सुमीला इच्यारलं का?"

आता मलाच बोलायला हवं होतं. मामाच्या डोळ्यांत बघून मला ते सात जन्मांत बोलता आलं नसतं. मी पण खड्ड्याकडे तोंड केलं. "मामा! मला इथं आवडतं!"

"…आवडतं! …आवडतं!"

"मग म्या हेवढा समुद्र कशापायी वलांडला?" मामा ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. खड्डा तेच विचारत राहिला, एकदा, दोनदा, तीनदा.

आणि खाली बसलेली मामी, जी आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर ऐकू जाईल असं बोलली नसेल, ती बसल्या जागेवरून केवढ्यांदा तरी ओरडली, "पोरीला बगाया!"

ते शब्द खाली जाऊन परत वर आले.

मामा वळला आणि तरातरा काठावरून चालू लागला. रुसून निघून चालला होता तो. पण आम्ही दोराने बांधलेले होतो. दोर ताणला, मामी जागची उठली, तिच्यामागे मी ओढले गेले, माझ्यामागे हे, आणि शेवटी भावजी.

"मामा, थांबा!"

"सोडा मला! एकट्याला जाऊ द्या!"

"गाठ सुटत नाही, मामा!" भावजी मागून ओरडले. पुस्तकातली गाठ होती ती, ओढेल तितकी आवळणारी.

रुसलेल्या माणसाला एकटं जाता येऊ नये ह्यासारखं दुःख नाही. तो पुढे जाईल तसे आम्ही सगळे मागे. तो थांबला की आम्ही थांबत होतो. त्याने रागाने मागे पाहिलं की आम्ही चौघं खाली मान घालत होतो. अशी आमची वरात त्या काठाने किती तरी लांब गेली. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मधे फेट्याचा शेमला हलवत चाललेला मामा. मामी एकदा हळूच मला म्हणाली, "जोडा चावतोय त्याला. बसंल आता."

आणि तो बसलाच. एका खडकावर. मामीने अंबाड्यातला आकडा काढला आणि त्याच्या कमरेची गाठ सोडवायला घेतली. मामाने तिला ते करू दिलं. मग खाली मान घालून म्हणाला, ओरडला नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"समदं शेत परक्या मानसांनी भरलंय गं सुमे. म्या फाटकावर उभा. आत जाणारं येणारं कुणी बी आपलं न्हाई. म्हटलं, एक तरी आपलं माणूस आत आसावं."

माझे हे पुढे झाले आणि त्याच्या शेजारी बसले. 'बघू'ही म्हणाले नाहीत.

थोड्या वेळाने मामाने पिशवीतून नारळ काढला. "देव नसला तर नसंल," म्हणाला, "पर नारळ परत न्याचा न्हाई." खडकावर आपटला. नारळ नीट फुटला नाही. एक मोठी कवड टुणकन उडाली, काठावरून गेली आणि खड्ड्यात गडगडत दिसेनाशी झाली. आम्ही कान देऊन ऐकत राहिलो. बऱ्याच खालून कुठेतरी 'टक' असा आवाज आला.

"घेतला त्यानं वाटा," मामाने म्हटलं, आणि उरलेल्या अर्ध्यातला तुकडा काढून आधी जावयाच्या हातावर ठेवला.

उतरताना मामा कुणाशी बोलला नाही. दोर भावजींनी गुंडाळून खांद्यावर घेतला होता, पुन्हा नाव काढलं नाही. मामाला जोडा फारच चावत होता, पण आता मामी दमली असं म्हणायला त्याचं तोंड होईना. तो लंगडत, दात आवळत उतरत होता. अर्ध्या वाटेवर मामी आपणहून थांबली. "म्या दमले," म्हणाली आणि बसली. मामा तिच्याकडे बघत उभा राहिला. मग शेजारी टेकला. उतरताना त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

पायथ्याशी मोटारीजवळ एक मासाई जमातीचा गुराखी आपली गुरं घेऊन उभा होता. उंच, लाल वस्त्र पांघरलेला, हातात लांब काठी. मोटारीच्या काचेत तो स्वतःला बघत होता. मामाचं लक्ष गुरांकडे गेलं आणि तासाभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही हाललं. तो सरळ त्या कळपात शिरला. एका गाईच्या पोटावर थाप मारून म्हणाला, "गाभण हाय. दोन म्हैन्यात व्याती."

गुराख्याने आपल्या भाषेत काही तरी लांबलचक सांगितलं. माझ्या नवऱ्याला थोडीफार भाषा कळायची. ते सांगायला गेले, तर मामाने हात वर केला. "मदी बोलू नका, बापू. आमचं चाललंय." आणि त्यांचं चाललं. मामा शिंगांवर बोलत होता, गुराखी डोंगराकडे बोट दाखवून काही सांगत होता. दोघंही एकमेकांचं शांतपणे ऐकून घेत होते आणि माना हलवत होते. मामीने मक्याच्या भाकरी आणि ठेचा काढला. गुराख्याने भाकरी खाल्ली, ठेचा चाखला, आणि डोळ्यांत पाणी येऊन तो एवढ्या जोरात हसला की गुरं बिचकली. मग त्याने मामाकडे बघून विचारलं, "चाय?"

मामा आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "बगा. म्या वरनं चा मागितला व्हता. निरोप पोचला."

चहा कुणाकडेच नव्हता. पण त्यामुळे काही बिघडलं नाही.

मोटारीत बसल्यावर मी ह्यांना हळूच विचारलं, की तो गाईबद्दल काय म्हणत होता. हे म्हणाले, "गाभण नाही. परवा कुणाच्या तरी शेतात शिरून मका खाल्ला म्हणे, म्हणून फुगलीय." हे आम्ही मामाला सांगितलं नाही.

घाट चढताना मोटार चालवणारे भावजी सोडून सगळे पेंगत होते. मला वाटलं मामालाही झोप लागली. तेवढ्यात तो पुढच्या सीटवरून म्हणाला, "जावईबापू."

"काय मामा?"

"आवाज चांगला हाय की तुमचा. आदी का न्हाई काडला?"

त्यानंतर मामा-मामी महिनाभर राहिले. कपाटांची बोलणी बंद झाली. जायच्या आधी मामाने आमच्या कढीलिंबाला आळं करून दिलं आणि दाराची करकरणारी बिजागरी तेल घालून ठीक केली. पूर्वीच्याच वस्तूंकडे बघून आता "हे हितंच ऱ्हाऊ द्या" म्हणायला लागला, आणि त्या शब्दांनीच मला रडू यायचं.

गावी परतल्यावर त्याने काय काय सांगितलं ते मला पुढे गावाकडून येणाऱ्यांकडून कळत राहिलं. आफ्रिकेत एक डोंगर आहे, त्याला डोकं नाही. त्याच्या आत माणसं चूल पेटवून बसतात, त्यांना काही विचारलं तर आधी ती आपल्यालाच विचारतात, पण खोटं कधी बोलत नाहीत. आपला जावई तिथे मोठा माणूस आहे, एक हाक मारली की सगळा डोंगर त्याच्या बाजूने बोलतो. स्टोअरमधली ती जागा मामाने बीडच्या एका पोराला लावून दिली. त्याला रोज घरी जेवायला घेऊन जायचा, असंही ऐकलं. दोन पावसाळे गेले आणि मामा गेल्याची बातमी आली. फाटकावरून घरी आला, जेवला, आडवा झाला तो उठला नाही. बोटीने पोचायचं म्हटलं तरी उपयोग नव्हता.

त्यामुळे मला तो शेवटचा दिसला तो मोंबासाच्या बंदरातच. आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. बोटीवर चढल्याचढल्या मामा गायब झाला. मामी डेकच्या कठड्याशी एकटी उभी होती. लवंगांची पोती चढत होती, आणि मामा कुठल्याशा खलाशाला पोती कशी रचावीत ते सांगत असणार, ह्याबद्दल आम्हाला शंका नव्हती. बोटीचा भोंगा वाजला. शिडी उचलली. मामी आमच्याकडे बघून पदराआडून हात हलवू लागली. बोट धक्क्यापासून सुटली, मधे पाणी दिसायला लागलं, तरी मामाचा पत्ता नव्हता.

आणि मग तो दिसला. पोत्यांच्या मागून धावत आला, निरोप घ्यायचा राहिला हे आत्ता ध्यानात आल्यासारखा, आणि घाईघाईत भलत्याच बाजूच्या कठड्याला जाऊन भिडला. समुद्राच्या बाजूच्या. त्याने फेटा डोक्यावरून काढला आणि दोन्ही हातांनी मोकळ्या समुद्राला हलवू लागला. ओरडतही होता काही तरी, पण वारा तिकडे वाहत होता, आमच्यापर्यंत काही पोचलं नाही. मामीने मागे वळून पाहिलं. मला वाटलं ती त्याला हाक मारील. तिने मारली नाही. ती आमच्याकडे बघून हसली आणि आपला हात हलवत राहिली.

बोट वळसा घेऊन दूर गेली. तांबडा फेटा हलायचा थांबला नव्हता. आम्ही दोघं धक्क्यावरून मामाच्या पाठीला हात हलवत उभे होतो.